रिकाम्या फ्लॅटमधला घुमणारा आवाज: भाड्याचं घर हातानं कसं सजवावं

पुण्यात पहिल्यांदा भाड्याचा फ्लॅट घेतला तेव्हा माझ्याकडे एक सुटकेस, एक गादी आणि आईनं बांधून दिलेला कुकर एवढंच सामान होतं. हॉलमध्ये उभं राहून आईला फोन लावला. तिनं पहिलं हेच विचारलं, "अगं, जिन्यात उभी आहेस का? किती घुमतोय आवाज!"

घरच तसं होतं. खाली फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती, वर स्लॅब. अशा खोलीत बोललेलं सगळं भिंतींवर आपटून परत येतं. कापड आवाज शोषून घेतं. म्हणून पडदे, गादी, गोधडी असलेल्या खोलीत बोलणं मऊ ऐकू येतं. हे लक्षात आल्यावर मी घर लावायचा एक क्रम ठरवला, आणि पुढे धाकट्या बहिणीचं आणि दोन मैत्रिणींचं घर लावताना तोच वापरला: आधी कापड, मग उजेड, आणि भिंत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण पहिल्याच रविवारी भिंतीवर लावायला फ्रेमा आणतात. त्या लावूनही घर ओकंबोकंच दिसतं आणि मग अजून फ्रेमा येतात.

पहिला आठवडा: मोजमाप आणि पाहणी

आठवडाभर काहीही विकत आणू नका. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं आणि कुठपर्यंत सरकतं ते बघा. चहाचा कप घेऊन तुम्ही आपोआप कुठे टेकता, ऑफिसची बॅग कुठे टाकता, चप्पल कुठे निघते, तेही बघा. तुमची बसायची जागा तीच. सजवायला सुरुवात तिथूनच करायची.

टेप घेऊन खिडक्यांची रुंदी, पडद्याच्या दांडीपासून जमिनीपर्यंतची उंची आणि गादी ठेवायच्या भिंतीची लांबी वहीत लिहून ठेवा. आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले खिळे, हूक, पडद्याचे ब्रॅकेट कुठे आहेत त्याचीही नोंद करा. जुन्या फ्लॅटमध्ये असे दहा-बारा तरी सापडतात, आणि बरीचशी सजावट त्यांच्यावरच भागते.

मग भिंतीवरून बोट फिरवा. बोटाला पांढरी पूड लागली तर भिंतीला चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. अशा भिंतीला चिकटवायचे हूक लावू नका. माझा एक हूक रात्री दोन वाजता फ्रेमसकट खाली आला आणि भिंतीचा तळहाताएवढा पापुद्रा घेऊन आला. पूड न लागणाऱ्या गुळगुळीत ऑइलपेंटवर, टाइल्सवर किंवा लाकडी दारावर तेच हूक नीट बसतात. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि डिपॉझिट घरमालकाकडे असतं, तेव्हा खिळा ठोकायचा असेल तर आधी विचारा आणि त्यांचं उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

कापड कुठून आणायचं

दुकानात जायच्या आधी घरी फोन करा. मी आईला म्हटलं, "तुझ्या जुन्या सुती साड्या आहेत का गं? नेसायच्या राहिल्यात अशा?" ती म्हणाली, "ती निळी इरकल विरत आलीये, ती घेऊन जा. आणि ओटीतले ब्लाऊजपीस पण ने, डबाभर पडलेत." मराठी घरात ओटीतून, हळदीकुंकवातून आलेले ब्लाऊजपीस कपाटाच्या तळाशी पडून असतातच. शिवायला कोणी काढत नाही, आणि देऊन टाकायलाही मन होत नाही. त्यांना आता काम मिळेल.

साड्या सुती मागा, भरपूर धुतलेल्या. रेशीम आणि सिंथेटिक या कामाला नको. आणल्यावर सगळं कापड एकदा धुवा, आणि गडद रंगाच्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का पाहा. माझ्या पहिल्या गोधडीत मी एक कोरी साडी न धुता घातली होती. पहिल्याच धुण्यात ती आटली, बाकीचे थर तसेच राहिले, आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडल्या. कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच वापरायचं.

पडदे: एका साडीत एक खिडकी

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. तिचे २.३ मीटरचे दोन तुकडे केले की सात फूट उंचीचे दोन पडदे होतात, वर थोडा पदर उरतो. चार फुटी खिडकीला हे दोन पडदे झकास होतात, कारण पडद्याचं कापड खिडकीच्या दीडपट-दुप्पट रुंद असलं तरच त्याला चुण्या पडतात. नाहीतर चादर टांगल्यासारखं दिसतं.

वरच्या बाजूला तीन इंचांचा नेफा शिवा, म्हणजे दांडी आतून जाईल. खाली तीन इंच दुमडून टीप मारा. साडीचे काठ आता उभे येतात, एकेका पडद्याच्या दोन्ही कडांना. माझ्या पडद्यांचे लाल काठ सकाळच्या उन्हात असे चमकत होते की वेगळ्या सजावटीची गरजच पडली नाही. साडी कापवत नसेल तर कापू नका. ती मधोमध दुमडून दांडीवर सोडा आणि कडेला चार टाचण्या लावा. आजीची साडी असेल तर मी हेच सांगेन.

मशीन नसेल तर कोपऱ्यावरचा आल्टरवाला एवढ्या सरळ टिपा मारून देतो. नेफा किती ठेवायचा ते खडूनं आखून न्या.

उशांचे अभ्रे: पहिलं शिवणकाम यावरच करा

ज्यांनी कधी सुई धरलेली नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. चेन नाही, बटण नाही, चार सरळ टिपा. एक मीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याच्या ब्लाऊजपीसमधून १६ इंची उशीचे दोन अभ्रे निघतात. तुमचा पीस ऐंशी सेंटीमीटरचाच असेल तर उशी १२ इंची घ्या.

कापडाच्या लांबीला समांतर, १७ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी साधारण ३९ इंच लांब येईल. पट्टीची दोन्ही आखूड टोकं अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच दुमडून टीप मारा. आता ३७ इंच उरले. पट्टी सुलट बाजू वर ठेवून जमिनीवर पसरा. दोन्ही टोकं मध्यावर आणा आणि पाच इंच एकावर एक येऊ द्या. तुमच्यासमोर १६ इंच रुंद आणि १७ इंच उंच चौकोन तयार होईल. वरची आणि खालची उघडी बाजू कडेपासून अर्धा इंच सोडून शिवा. उलटा करा, कोपरे पेन्सिलीनं बाहेर ढकला, आणि मागच्या फटीतून उशी आत सरकवा. हातानं शिवत असाल तर कोपऱ्यांवर आणि फटीच्या दोन टोकांवर टाके दुहेरी घाला, कारण उशी ओढताना ताण तिथेच येतो.

खणाचं कापड असेल तर त्याचा पन्हा कमी असतो, मग एकच अभ्रा काढा आणि मागच्या बाजूला साधं सुती कापड जोडा. खणाची ती बारीक नक्षी पुढून दिसली की पुरे.

बैठक आणि तिच्यावर गोधडी

सोफा घ्यायची घाई करू नका. भारतीय बैठक ही आपल्याकडची जुनी आणि अगदी सोयीची गोष्ट आहे: भिंतीला लावून एक सहा बाय तीनची गादी, पाठीशी लोड, बाजूला दोन तक्के. गादीखाली चटई हवीच. पावसाळ्यात फरशीचा ओलावा गादीत उतरतो, म्हणून आठवड्यातून एकदा गादी भिंतीशी उभी करा आणि पंखा लावून वारा द्या. जुनी पांघरुणं घट्ट गुंडाळून दोरीनं बांधली आणि वर साडीच्या कापडाची खोळ चढवली की लोड घरीच होतो.

आणि त्या गादीवर गोधडी. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल.

गोधडी, वाकळ, जे नाव तुमच्या घरात असेल ते, जुन्या मऊ कापडाचे थर धावदोऱ्यानं एकत्र शिवून होते. पूर्वी नऊवारी लुगडी आणि धोतरं त्यात जायची. सहावारी साडीचं गणित मात्र फार सोपं आहे: साडीचे १.८ मीटरचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकडा सुमारे सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होतो. तिन्ही एकावर एक ठेवले की एका साडीतून तीन थरांची गोधडी तयार, तुमच्या गादीच्या मापाची, दोन्ही बाजूंनी थोडी खाली येणारी. दुसऱ्या साडीचा एक तुकडा वरच्या थराला घेतला तर चार थर होतात. पहिल्यांदा करताना चारच्या वर जाऊ नका, सुई आरपार जाता जात नाही आणि बोटं सोलवटतात.

फरशी पुसून घ्या आणि सगळ्यात खालचा थर पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा, डबे चालतील. तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढा. मग दुसरा थर, पुन्हा तसंच. सगळ्यात वरच्या थराच्या कडा अर्धा इंच आत दुमडा, खालच्या थराच्याही तशाच, म्हणजे मधले थर आत लपतील. आता कच्चे टाके घाला: आधी मधोमध उभे, मग आडवे, मग दोन्ही कर्ण. हे टाके चार-चार बोटांचे लांब असू द्या, शेवटी उसवायचेच आहेत. इथे दिलेला एक तास पुढचे पंधरा दिवस वाचवतो. कच्चे टाके न घालता शिवायला बसलात तर थर सरकत जातात आणि मध्यावर पोचेपर्यंत तिथे फुगा येतो.

दोरा जाड सुती घ्या आणि सुई मोठ्या नेढ्याची. कडेपासून सुरुवात करून गोधडीच्या चारी बाजूंनी फिरत आत आत यायचं. दोन ओळींत दीड इंच अंतर. टाका वरून तांदळाच्या दाण्याएवढा दिसला की छान. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरून घ्या आणि मग ओढा, पण दोरा ताणू नका, कापड आखडतं. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्या, म्हणजे पाठीला टोचणार नाही.

दीड इंच अंतरानं अख्खी गोधडी भरली तर पन्नास मीटरच्या वर टाके होतात. रोज रात्री पाऊण तास बसून मला महिनाभर लागला. शिवता शिवता साडीतली एखादी विरलेली जागा सापडायची. तिथे मी ब्लाऊजपीसचं ठिगळ लावत गेले, एक हिरवं, एक जांभळं, एक हळदीच्या रंगाचं. ते ठिगळ कुठे लावायचं हे कोणी ठरवत नाही, कापड जिथे फाटलंय तिथेच ते लागतं, आणि म्हणूनच दुकानातल्या गोधडीपेक्षा घरची गोधडी वेगळी दिसते. मध्यावर शेवटचा टाका घातला त्या रात्री मी ती गादीवर पसरली आणि आईला फोन लावला. ती या वेळी आवाजाबद्दल काही बोलली नाही. तिनं विचारलं, "निळा रंग टिकलाय का?"

गोधडी धुताना गार पाणी, साधी पावडर, आणि वाळवताना दोरीवर लटकवण्याऐवजी कठड्यावर आडवी टाका. ओली गोधडी फार जड होते, लटकवली तर टाके ताणले जातात.

उजेड

भाड्याच्या घरात छताला किंवा भिंतीला एक पांढरी ट्यूब असते आणि तिच्या उजेडात सगळं घर दवाखान्यासारखं दिसतं. ती अभ्यासाला आणि झाडझुडीला ठेवा. संध्याकाळसाठी वेगळा, खालून येणारा पिवळसर दिवा हवा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा असतो. पांढऱ्या ट्यूबचा साधारण ६५०० असतो, तुम्ही २७०० ते ३००० च्या मधला घ्या.

सगळ्यात सोपा दिवा म्हणजे बुरुडाची टोपली. पुण्यात बुरुड आळी आहे, तुमच्या गावातही आठवडी बाजारात टोपल्या, सुपं घेऊन बसणारे असतात. विरळ विणीची टोपली घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानातून होल्डर, वायर आणि प्लग असं एकसंध जोडलेलं घ्या, घरी टेप गुंडाळून वायर जोडायची नाही. त्यात पाच वॅटचा एलईडी बल्ब लावा, कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवा आणि त्यावर टोपली पालथी घाला. विणीतून उजेड भिंतीवर जाळीसारखा पडतो. जुना तारेचा बल्ब यात चुकूनही लावू नका, तो तापतो, आणि आत बांबू आहे.

थोडं अधिक करायचं असेल तर आकाशकंदील आठवा. लहानपणी कामट्या बांधून, कागद चिकटवून कंदील केला असेल, तर दिवा करणंही तुम्हाला येतं. चौदा इंचांच्या चार कामट्या उभ्या, सात इंचांच्या आठ आडव्या, सांधे दोऱ्यानं घट्ट बांधायचे, आणि चारी बाजूंना कागद. फक्त रंगीत पतंगाच्या कागदाऐवजी हातकागद वापरा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. त्या कागदातले तंतू उजेडात उठून दिसतात. झिरमिळ्या लावू नका, वरची बाजू मोकळी सोडा, आणि बल्ब कागदापासून किमान दोन इंच लांब राहील असं बघा.

आता भिंत

एकच भिंत निवडा, बैठकीच्या वरची. बाकीच्या तशाच राहू द्या.

मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड घ्या, एक बाय दोन फुटांचा तुकडा पुरे. गेरूची चार चमचे पूड, एक चमचा फेविकॉल आणि धिरड्याच्या पिठाइतकं पातळ होईल एवढं पाणी एकत्र करून कापडाला दोन हात द्या. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. या तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रंगानं वारली पद्धतीची चित्रं काढता येतात. मूळ वारली चित्रं तांदळाच्या पिठानं, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीनं झोपडीच्या भिंतीवर काढली जात. फ्लॅटमध्ये पिठाला मुंग्या आणि झुरळं लागतात, म्हणून पांढरा अॅक्रिलिक रंग घ्या, काडी मात्र बांबूचीच.

माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, मग काटकुळे हातपाय. वरचा त्रिकोण थोडा तिरका झाला की माणूस वाकतो, धावतो, नाचतो. आधी वहीत वीस-पंचवीस माणसं काढून हात बसवा. वारली ही पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-जव्हारकडच्या लोकांची कला आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली लोकांकडे लग्नात सवाष्णी भिंतीवर देवचौक लिहितात, आत पालघट देवी असते. तो चौक त्यांच्या विधीचा भाग आहे, दिवाणखान्यासाठी तो उतरवू नये असं मला मनापासून वाटतं. पद्धत शिकावी आणि चित्रात आपलं काढावं. माझ्या कापडावर आमच्या गावची विहीर आहे, एसटी आहे आणि भाकरी थापणारी आजी आहे.

कापडाच्या वर-खाली एकेक काठी शिवून टाका. वरच्या काठीला सुतळी बांधून ते जुन्या खिळ्याला अडकवा. कापड हलकं असल्यामुळे भिंतीला त्रास नाही.

घरातल्या कोणी रुखवतासाठी विणलेला क्रोशाचा रुमाल मिळाला तर तो भरतकामाच्या लाकडी रिंगेत ताणून याच भिंतीवर लावा. मागे गडद कापड असलं की वीण उठते.

उरलेलं

झाडं मोजकी ठेवा. मनीप्लांटची फांदी पेराच्या खाली कापून बाटलीत ठेवा, आठवड्याला पाणी बदला, मुळं पेरातूनच फुटतात. खिडकीच्या गजाशी पानओवा आणि पुदिना लावा, ते स्वयंपाकातही येतात. डब्यात लावत असाल तर तळाला चार-पाच भोकं हवीतच.

दाराचं तोरण कापडाच्या उरलेल्या चिंध्यांचं करा: चार इंची चौकोन दोनदा कर्णावर दुमडून त्रिकोण करायचे, दोरीवर ओवायचे, प्रत्येकाच्या टोकाला एक मणी. चौकटीवर सहसा आधीचे दोन खिळे असतातच. सणाच्या दिवशी त्याच खिळ्यांना आंब्याची पानं बांधता येतात.

अकरा महिने संपून घर बदलायची वेळ आली की उलट क्रमानं काढा. चित्राचं कापड काठीवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर, म्हणजे गेरूला तडे कमी जातात. चित्राचं कापड काठीवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर, म्हणजे गेरूला तडे कमी जातात. बल्ब आणि बाटल्या अभ्र्यांमध्ये घाला, टोपलीत रचा, आणि सगळी टोपली गोधडीत बांधा. पडदे शेवटच्या दिवशी सकाळपर्यंत राहू द्या, आणि नव्या घरात पहिले तेच लावा.